हयातीचा दाखला

दिवाळी तोंडावर आली की घराघरांतून भाजणीचा खमंग वास येऊ लागतो. ज्या घरात निवृत्तिवेतन घेणारे माणूस आहे, त्या घरात आणखी एक लगबग सुरू होते. नोव्हेंबर उजाडला की आपण अजून जिवंत आहोत असे सरकारला कळवावे लागते. ऐंशी ओलांडलेल्यांवर सरकारची विशेष मर्जी असते. त्यांना ऑक्टोबरपासूनच जिवंत असल्याचे सांगण्याची मुभा असते. या कागदाला नाव मात्र मोठे भारदस्त आहे, 'हयातीचा दाखला'. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन साहेबांसमोर सही करावी लागे. २०१४ पासून यंत्रावर अंगठा टेकवून भागू लागले. २०२१ पासून तर घरबसल्या फोन तोंडासमोर धरला की झाले. फोन म्हणतो, डोळे मिचकावा. माझे बाबा मिचकावतात. सरकारचा विश्वास बसतो, आणि पुढचे वर्षभर बाबा अधिकृतपणे हयात असतात.

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात गेली वीस-बावीस वर्षे मराठी शिकवते. शब्दांशी माझा रोजचा व्यवहार. 'हयात' आणि 'दाखला' हे दोन शब्द शेजारी बसलेले पाहिले की मला नेहमी वाटते, एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा कागदावर कशी मावते? पण आज मला सांगायचे आहे ते या एका कागदाविषयी नव्हे. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपल्या हयातीचे दाखले एका सरकारला देऊन पुरत नाहीत. ते दोन-दोन सरकारांना द्यावे लागतात, आणि शिवाय विमा कंपन्यांनाही. आज नागपुरातल्या धरमपेठेत किंवा लक्ष्मीनगरात कोणत्याही गल्लीत शिरा, चार घरांआड एक घर असे निघेल. तेव्हा आमच्या घरची हकीकत ही तशी तुमच्याही घरची आहे.

माझा दादा १९९९ साली अमेरिकेला गेला. दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे संगणक बिघडणार अशी धास्ती तेव्हा पडली होती, आणि ती निवारायला आपल्याकडची पोरे विमाने भरभरून गेली. दोन हजार साल आले. काही बिघडले नाही. पोरे मात्र तिकडेच राहिली. दादा न्यू जर्सीत रमला, तिथेच त्याने घर केले, पुढे तिथला नागरिक झाला. आणि दर रविवारच्या फोनवर त्याचे पालुपद सुरू झाले, "आई, बाबा, तुम्ही या."

जुन्या काळी म्हातारी माणसे काशीला निघत, तेव्हा ती सगळी निरवानिरव करून निघत. कोणाचे देणे चुकवीत, सुनेच्या हाती किल्ल्या देत, गावकुसापर्यंत पोहोचवायला आलेल्यांचा निरोप घेत. परत येऊ की नाही याची खात्री नसे. पण त्यांना कोणी विचारीत नसे, की तुमचा जन्म नक्की कोणत्या तारखेचा, आणि वाटेत आजारी पडलात तर पैसे कोण भरणार? आमच्या आईबाबांच्या काशीयात्रेला हे दोन्ही प्रश्न आडवे आले.

पहिला प्रश्न तारखेचा. बाबा नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून २००७ साली निवृत्त झाले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे कागद तपासले. कागदाला भिणारी माणसे असतात आणि कागदावर प्रेम करणारी असतात. बाबा दुसऱ्या प्रकारातले. त्यांचे स्वतःचे सर्व काही फायलीत क्रमाने लावलेले. पण आईची फाईल उघडली आणि त्यांच्यातला हिशेबतपासनीस चक्रावून गेला. शाळेच्या दाखल्यावर आई 'शकुंतला', आणि आधार कार्डावर 'मीनाक्षी'. लग्नात ताटातल्या तांदळांवर बाबांनी सोन्याच्या अंगठीने हे दुसरे नाव हौसेने लिहिले होते. त्या तांदळांवरच्या नावासाठी पन्नास वर्षांनी मुद्रांकाच्या कागदावर प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागेल, हे त्या हौशी नवरदेवाच्या स्वप्नातही आले नसेल.

तारखेची तऱ्हा तर आणखी न्यारी. दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५१. आमच्या आईच्या पिढीतली निम्मी माणसे १ जूनला जन्मलेली असतात, हे तुमच्याही ध्यानात आले असेल. शाळेत नाव घालायला नेले की मास्तर विचारीत, "पोर केव्हाची?" बाप म्हणे, "पाचेक वर्षांची असेल." की मास्तर सोयीची तारीख टाकून मोकळे. आई आपली सांगते, "मी तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची. आमच्या दारव्ह्यात पोरं लाकडाचे नंदी घेऊन दारोदार फिरत होती तेव्हा मी झाले." आता तान्हा पोळा हा श्रावणी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी येतो, तो काही जूनमध्ये येत नाही. पण पारपत्रावर नंदीबैलांची साक्ष चालत नाही.

पुढचा रकाना जन्मस्थानाचा, त्यात राज्याचे नाव हवे. बाबांचा जन्म १९४७ चा, अमरावतीचा. तेव्हा तो मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाड. आईच्या जन्माच्या वेळी त्याचेच नाव मध्य प्रदेश झाले होते आणि नागपूर त्याची राजधानी होती. १९५६ साली आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो. आई जागची हलली नाही. तिच्या पायाखालची राज्ये मात्र बदलत गेली. बाबांनी तीन दिवस विचार करून शेवटी 'महाराष्ट्र' लिहिले आणि समासात पेन्सिलीने बारीक टीप जोडली, ती मी खोडरबराने पुसली.

अमेरिकेच्या प्रवेश-परवान्याचा अर्ज ज्यांनी भरला आहे त्यांना ठाऊक असेल की त्यात मोठे मौजेचे प्रश्न असतात. तुम्ही हेरगिरी करणार आहात काय? तुमचा दहशतवादाचा विचार आहे काय? गुडघ्याला पट्टा बांधलेल्या माझ्या आईला मी हे प्रश्न वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "इथून फुटाळ्यापर्यंत चालवत नाही मला, हेरगिरी कुठून करू बाप्पा?" आणखी एक प्रश्न होता, तुम्ही कोणत्या कुळाचे वा टोळीचे आहात काय? आईचा चेहरा उजळला. "कुळ विचारतात वाटतं? मग गोत्र लिही ना!" इतक्या प्रश्नांत तिला हा एकच ओळखीचा वाटला होता.

मुलाखत मुंबईला. २०१८ साली आम्ही तिघे विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून वांद्रे-कुर्ला संकुलात पोहोचलो. बाबांच्या पिशवीत सात फायली होत्या. घराचे खरेदीखत, निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेची पुस्तके, झालेच तर दादाच्या लग्नाचे फोटो. आत खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले. मुलगा काय करतो, आणि परत केव्हा येणार? दोन-अडीच मिनिटांत दहा वर्षांचा परवाना मंजूर झाला. आई आनंदाने बाहेर आली. बाबा मात्र खट्टू होते. "एकही कागद पाहिला नाही गं त्यानं!" जन्मभर कागद तपासलेल्या माणसाचा याहून मोठा अपमान दुसरा नसावा.

खरे पाहता त्या दुसऱ्या प्रश्नातच सगळे आले होते. अमेरिकेचा १९५२ चा कायदा असे मानून चालतो की आलेला पाहुणा हा मुळात कायमचा राहायलाच आलेला आहे. तसे नाही हे पाहुण्याने पटवून द्यायचे. आपल्याकडे पाहुणा उठू लागला की "राहा हो दोन दिवस" म्हणण्याची रीत. तिथे 'मी राहणार नाही' हे आधी शपथेवर सांगावे लागते, तेव्हा दार उघडते. आणि परवाना दहा वर्षांचा असला, तरी एका खेपेला किती दिवस राहायचे ते विमानतळावर ठरते. सहसा सहा महिने मिळतात.

इथपर्यंतची सारी गंमत होती. दुसरा प्रश्न गमतीचा नव्हता.

२०२२ साली, करोनाची भीती ओसरल्यावर, आईबाबा न्यू जर्सीला गेले. नातवाच्या शाळेतल्या कार्यक्रमात आईला घेरी आली. रक्तातली साखर उतरली होती. रुग्णवाहिका आली, तातडीच्या विभागात नेले, एक रात्र ठेवून घेतले, दोन-तीन तपासण्या केल्या आणि सकाळी घरी सोडले. उपचार चोख झाले, तक्रारीला जागा नव्हती. त्या देशात १९८६ चा एक चांगला कायदा आहे. तातडीच्या विभागात आलेल्या रोग्याजवळ पैसे आहेत की नाहीत हे न पाहता आधी त्याची प्रकृती स्थिरस्थावर करावी लागते. बिल मागाहून येते. ते सहा आठवड्यांनी आले. आकडे पाच होते, आणि ते डॉलरचे होते.

दादाने आईबाबांचा प्रवासी आरोग्यविमा उतरवला होता. कंपनीचे उत्तर आले की मधुमेह हा विम्याच्या आधीपासूनचा आजार असल्यामुळे हा खर्च देय नाही. आधीपासूनचा आजार! या शब्दांवर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या संतवाङ्मयात कर्माचे तीन प्रकार येतात, संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. विमा कंपनी फक्त क्रियमाणाची जबाबदारी घेते. तिथे जाऊन पाय घसरून पडा, भरपाई मिळेल. पण जे बरोबर घेऊन आलात ते तुमचे तुम्ही भोगा. आता सत्तरी उलटलेल्या माणसाजवळ संचिताखेरीज असते काय? काही योजनांत जुन्या आजाराच्या अचानक झालेल्या उठावणीला थोडे संरक्षण असते, पण त्याला अटी अशा की उठावणी अनपेक्षित हवी आणि उपचार बहुधा चोवीस तासांच्या आत सुरू झाले पाहिजेत. आणि वयाची ऐंशी वर्षे झाली की हप्ता वाढतो व संरक्षणाची रक्कम आखडते. म्हणजे छत्री आहे, पण ती उन्हाळ्यात उघडते.

दादाने रुग्णालयाशी बोलून बिल बरेच कमी करून घेतले आणि उरलेले हप्त्यांनी फेडले. तिथल्या बिलांतही घासाघीस चालते हे ऐकून आईला सीताबर्डीची आठवण झाली. तिने ते हसण्यावारी नेले, असे आम्हाला सगळ्यांना वाटले.

आईबाबा नागपूरला परतल्यावर आठवड्याभराने ती मला म्हणाली, "माझ्या डाव्या पायाला दोन महिने झाले, मुंग्या येऊन राहिल्या. टाचेला जखम झाली तीही कळली नाही." मी विचारले, "आई, दोन महिने? मग दादाला का नाही सांगितलंस?" ती चपला काढत होती, तशीच म्हणाली, "सांगितलं असतं तर त्यानं दवाखान्यात नेलं असतं. पोराला किती भुर्दंड पाडायचा?"

जखम भरून यायला इथे तीन महिने लागले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर होता तर बोट काढावे लागले असते. वाचकहो, बिलाचा आकडा मी विसरून जाईन, पण हे वाक्य विसरणार नाही. मुलाच्या घरात, मुलाच्या गाडीपासून दहा पावलांवर एक आई आपली जखम मोज्यात लपवून ठेवते, कारण तिच्याजवळ तिच्या आजाराला लागू पडेल असा कागद नाही. आपण म्हणतो की अंतर सात समुद्रांचे आहे. पुष्कळदा ते तेवढे नसते. एका मोज्याएवढेच असते.

बाबा सकाळी अंबाझरीकडे फिरायला जातात. तिथे त्यांच्या मित्रमंडळाचा एक बाक आहे. पूर्वी या बाकावर मुलींची लग्ने जमत, पुढे पगार आयोगाच्या शिफारशींचा काथ्याकूट होई. आता तिथे देशोदेशींच्या परवान्यांवर परिसंवाद चालतो. एकांचा मुलगा कॅनडात आहे. तिथे आईवडिलांसाठी खास परवाना २०११ च्या अखेरीस निघाला, आणि २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षे राहता येते. मात्र निदान एक लाख कॅनडियन डॉलरचा, किमान वर्षभराचा आरोग्यविमा हाती असल्याशिवाय तो मिळत नाही. दुसऱ्यांची मुलगी इंग्लंडात. तिथे २०१२ च्या नियमांपासून आईवडिलांना कायमचे नेणे जवळजवळ बंदच झाले. ती इतकी परावलंबी हवीत की त्यांचे रोजचे व्यवहारही कोणी केल्याशिवाय होऊ नयेत, आणि तशी सोय मायदेशी नसावी. म्हणजे नेण्याजोगी झाली की प्रवास करण्याजोगी उरत नाहीत! तिसऱ्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात. तिथल्या सरकारने स्वतःच जाहीर केले आहे की वृद्ध आईवडिलांच्या साध्या रांगेत आज अर्ज केला तर निकालाला तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. हे गृहस्थ त्र्याहत्तर वर्षांचे. ते बाकावर बसून शांतपणे म्हणाले, "मी अर्ज करून टाकला. शंभरी गाठायला काही तरी कारण पाहिजे ना!" सगळे हसले. बाबांनी घरी येऊन ते आम्हाला सांगितले, तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

या पार्श्वभूमीवर दादाने सुचवले की आईबाबांनी कायम वास्तव्याचे कार्ड घ्यावे. तो नागरिक, त्यामुळे त्याच्या आईवडिलांना तिथे संख्येची मर्यादा नाही, रांग त्या मानाने लहान. आणि त्याचे एक म्हणणे बिनतोड होते. ७९ वर्षांवरील माणसांना परवान्याच्या मुलाखतीतून जी सर्वसाधारण सूट मिळत असे ती २०२५ मध्ये काढून घेण्यात आली. म्हणजे हा परवाना संपेल तेव्हा बाबांना ऐंशी उलटून गेल्यावर पुन्हा मुंबईच्या रांगेत उभे राहावे लागण्याचा संभव. "त्यापेक्षा एकदाच काय ते करून टाकू," दादा म्हणाला.

बाबांनी वही काढली, मधोमध रेघ मारली, आणि हिशेब तपासायला बसले.

त्या तपासणीतून मला एक गोष्ट समजली ती मोठी विलक्षण आहे. १९६५ साली अमेरिकेत अध्यक्ष जॉन्सन यांनी दोन कायद्यांवर सह्या केल्या. जुलैमध्ये पासष्ट वर्षांवरील लोकांच्या आरोग्यविम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा. ऑक्टोबरमध्ये परदेशांतून येणाऱ्या लोकांविषयीचा. दुसऱ्या कायद्याने आपल्या डॉक्टर-इंजिनियरांना दार उघडले आणि पुढे त्यांच्या आईबापांनाही. पण आईबाप त्या दारातून आत आले की पहिल्या कायद्याचे दार त्यांना बंद असते. तिथे नोकरी न केलेल्या माणसाला कायम वास्तव्याचे कार्ड घेऊन सलग पाच वर्षे राहिल्यावरच ते आरोग्य संरक्षण, तेही हप्ते भरून, विकत घेता येते. गरिबांसाठीच्या सरकारी योजनेलाही १९९६ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे पाच वर्षांची अट घातली आहे. मधल्या काळात बाजारातला विमा मिळतो. त्याला जुन्या आजाराचे वावडे नाही हे खरे, पण वयाबरोबर हप्ता चढतो, आणि तो भरणार दादा.

बाबांच्या वहीत डावीकडे लिहिले होते: 'नातवंडे. मुलगा. आजार झाकावा लागणार नाही.' उजवीकडे: 'केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे कार्ड, भारताबाहेर निरुपयोगी. तिथे वर्षाहून अधिक काळ नसलो तर तिथले कार्ड धोक्यात. सहा महिन्यांहून अधिक नसलो तर जाब. म्हणजे नागपूरला यायचे ते पाहुणे म्हणून.' आणि त्याखाली एकच शब्द, 'मुलगी.' मी ते वाचले आणि वही मिटून ठेवली. बाबांना मी वाचल्याचे कळले असावे, पण आम्ही दोघेही काही बोललो नाही.

आईला जायचे होते, ही गोष्ट मी इथे लपवणार नाही. बाबांचे जग फायलीत, बाकावर आणि वर्तमानपत्रात. आईचे जग नातवंडांत. ती म्हणाली, "तुमच्या वहीत माझ्या गुडघ्यांचा हिशेब आहे, साखरेचा आहे. मोठ्या नातवाला आता मिसरूड फुटली, त्याचा रकाना कुठाय?" या प्रश्नाला हिशेबाच्या शास्त्रात उत्तर नाही. चार दिवस घरात दोघांचे बोलणे पोळी-भाजीपुरते चालले.

एका रात्री दादाचा फोन आला. इकडे रात्रीचे साडेबारा. तो मला म्हणाला, "तुला एक विचारू? मी साठीनंतर नागपूरला यायचं म्हणतो. कागदपत्रांचं सोपं आहे, २००६ पासूनचं ते परदेशस्थ भारतीयांचं कार्ड माझ्याकडे आहेच. पण विम्याचं पाहिलं तर गंमत वाटली." गंमत अशी की ज्या मेडिकेअरसाठी त्याने जन्मभर पगारातून पैसे भरले, ती अमेरिकेबाहेरच्या उपचाराचा खर्च सहसा देतच नाही. तिचा वैद्यकीय खर्चाचा भाग वेळेवर घेतला नाही आणि पुढे परत जावेसे वाटले, तर उशिराच्या प्रत्येक वर्षामागे हप्त्यावर दहा टक्के दंड, तोही कायमचा. इकडे २०२४ साली आपल्या विमा नियामक प्राधिकरणाने नवा आरोग्यविमा घेण्यावरची वयाची मर्यादा काढून टाकली हे चांगले झाले. पण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. आणि दादाला रक्तदाब आहे. "म्हणजे बाबा इकडे आले की ते 'आधीपासूनचे आजारी', आणि मी तिकडे आलो की मी," तो म्हणाला आणि हसला. त्याचे हसणे बाबांसारखे आहे, शेवटी थोडे तुटते. माझा पन्नाशीतला, मोठ्या पगाराचा, दोन मोटारींचा भाऊ त्या रात्री मला फार एकटा वाटला. आपण इथे बसून परदेशातल्या मुलांना पुष्कळ बोल लावतो. पण त्या मुलांच्या उशालाही एक फाईल असते, आणि ती आपल्याला दिसत नाही.

निर्णय बाबांनीच घेतला, आणि तो मधला होता. कार्ड घ्यायचे नाही. परवाना आहे तोवर वर्षाआड चार महिने जायचे. जुन्या आजारांना त्यातल्या त्यात लागू पडणारा, महागडा विमा घ्यायचा, आणि त्याचा हप्ता बाबांनी आपल्या निवृत्तिवेतनातून भरायचा, दादाने नव्हे. आणि आईने वचन द्यायचे की तिथे काहीही दुखले-खुपले तर संध्याकाळच्या आत सांगेन. आईने वचन दिले, पण एक अट घातली: "तुम्हीही." बाबांना स्टेंट घातला आहे आणि छातीत कळ आली की ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात, हे तिला पन्नास वर्षांच्या संसाराने शिकवले आहे.

नव्या विम्याची पुस्तिका बाबांनी चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचली. एका कलमाशी ते थांबले आणि त्यांनी मला मराठी प्रतिशब्द विचारला. प्रवासात मृत्यू आल्यास पार्थिव मायदेशी पोहोचवण्याच्या खर्चाचे ते कलम होते. मी प्रतिशब्द सांगितला. बाबा म्हणाले, "म्हणजे परतीची तिकिटं दोन प्रकारची आहेत." आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि काहीच कारण नसताना भांडी विसळू लागली.

त्या रात्री बाबांनी आणखी एक कागद तयार केला. तो कोणत्याही कार्यालयाने मागितलेला नव्हता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि बरे होण्याची आशा उरली नसता केवळ यंत्रांवर जगवू नये, असे आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा दिली. तेव्हा त्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरवला. दोन साक्षीदार लागतात, एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांना द्यायची, एक स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. वेळ आलीच तर रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे पाहून ठरवतात. बाबांनी हे सारे मला समजावून सांगितले, एखाद्या कनिष्ठ कारकुनाला नियम शिकवावा तसे. मग म्हणाले, "यात एका जवळच्या माणसाचं नाव लिहावं लागतं. मला बोलता येईनासं झालं तर माझ्या वतीनं जो बोलेल त्याचं."

मला वाटले, ते दादाचे नाव सांगतील. आमच्या घरात बँकेपासून गॅसच्या जोडणीपर्यंत सगळीकडे वारस म्हणून दादाचेच नाव आहे. त्याचे मला कधी काही वाटले नाही. बाबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. रकान्यात माझे नाव होते, माहेरचे आणि सासरचे दोन्ही, कंसात वगैरे नव्हे, एकाखाली एक, नीट.

"तो लांब आहे म्हणून नाही," बाबा म्हणाले. "त्याला 'थांबा' म्हणता येणार नाही. तो पैसे खर्च करीत राहील. तुझ्यानं होईल?"

मी वर्गात पंचवीस-तीस मुलांसमोर रोज तासन् तास बोलते. त्या क्षणी मला एक शब्द सुचेना. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता, म्हणजे आई ऐकत होती. मी म्हटले, "होईल की नाही ते मला आज सांगता येणार नाही, बाबा. पण सही करते."

बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग खिशातले आपले जुने शाईचे पेन काढले, टोपण मागे लावले आणि माझ्या हातात दिले.

"तेवढं पुरे," ते म्हणाले. "तारीख आजची घाल. आणि खरी घाल."